शेरा: निरंक

सोमवारी अकराला मुदस्सिर येतो.
चपला ठाण्याच्या पायरीखाली काढतो.
इथं कुणी काढत नाही, मी दोनदा सांगून पाहिलं.
वहीत तारीख, वेळ, सही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
एकशे बारा सोमवार मी त्यात एकच शब्द लिहितेय:
निरंक.

निरंक म्हणजे काही आढळलं नाही.
काही नाही, असं नव्हे.
हा फरक मला जुलेखाबीनं शिकवला, त्याच्या आईनं.
पोरगा परमुलखात लढायला गेला तेव्हा
तिनंच त्याचा नंबर आणून दिला होता,
पानाच्या डबीत घडी घातलेली चिठ्ठी.
मोहल्ल्यात तिला अजून कुणी लग्नाचं बोलावत नाही.
परवा म्हणाली, "तुम्ही आठवड्यातून एकदा बघता, मॅडम.
मी रोज. तो झोपला की
त्याचा अंगठा उचलून फोनला लावते.
पोटचा आहे म्हणून.
पोटचा आहे तरी."

वरून तक्ता आलाय. धोका: कमी, मध्यम, जास्त.
प्रश्न नववा: विषयास पश्चात्ताप आहे काय?
(विषय म्हणजे तो. मला आधी वाटलं, अभ्यासाचा.)
मी विचारलं.
"पहिल्या दिवशी पासपोर्ट घेतले आमचे.
मग आठ महिने संडास धुतले.
मग बंदूक दिली."
चालवलीस?
देवळालीला तोफांचा सराव सुरू होता,
खिडकीची काच थरथरली,
त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
"हो. कोर्टात सांगितलंय सगळं."
मी मध्यमवर खूण केली.

शिक्षा भोगून आला तेव्हा काम मिळेना.
द्वारकेजवळचा मोटार रिवायंडिंगवाला तयार झाला,
पण फोन करून विचारतो,
मॅडम, याला तारेला हात लावू द्यायचा का?
मी साहेबांना विचारलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना.
उत्तर येईपर्यंत त्यानं दुसरा मुलगा ठेवला.
आता आडगावच्या शेडमध्ये द्राक्षं भरतो,
अर्ध्या किलोचे डबे, रॉटरडॅमला जाणारे.
त्याला स्वतःला ओझरला जायचं तरी अर्ज लागतो.

गेल्या गुरुवारी आला. गुरुवारी.
सोबत रय्यान, सोळाचा, मिसरूड फुटलेलं,
मनगट याच्या मुठीत.
"याचा फोन बघा. मला दाखवायचे तेच दाखवतायत,
फक्त आवाज नवा आहे."
पोरगा "मुखबिर" म्हणाला आणि थुंकला.
मुदस्सिर खाली बसला, रुमालानं फरशी पुसली,
कोपऱ्यापर्यंत, नीट.

साहेब म्हणाले, हुशार आहे. आपला विश्वास कमावतोय.
असेल.
म्हणाले, पोरगाही त्यानंच पेरलेला असेल.
असेलही.
मी रय्यानच्या बापाला बोलावलं, चहा मागवला,
गुन्हा नाही, समुपदेशन, असं लिहून घेतलं.
बापाला चहाची बशी धरवेना.
रात्री घरी माझा ओंकार झोपलेला, फोन उशाला.
मी दाराशी उभी राहिले.
चादरीबाहेर अंगठा दिसत होता.
दिवा घालवला.

आज सोमवार.
वहीत गुरुवारला जागा नाही.
शेऱ्यात काय लिहू, मी विचारलं.
"नेहमीचं लिहा."
अजून लिहिलं नाही, पेनचं टोपण उघडंच आहे.
म्हटलं, पुढच्या सोमवारी महाशिवरात्र.
मी त्र्यंबकला बंदोबस्ताला,
वही ठाणे अंमलदाराकडे ठेवून जाते.
सुट्टी आहे. तरी ये.

तो बाहेर गेला आणि पायरीशीच थांबला.
चपला कुणीतरी नेल्या होत्या.
पोलीस ठाण्यातून.
तक्रार लिहून घेऊ का?
एकशे तेरा सोमवारांत पहिल्यांदा हसला,
मान हलवली, अनवाणीच
भद्रकालीच्या गर्दीत शिरला.
मी वळणापर्यंत बघत राहिले.
ते माझं कामच आहे.